दोन डोळ्यांचं अक्षर

‘ओळख’ नावाचं साप्ताहिक पांढरकवड्यातून दर गुरुवारी निघायचं, पण त्याला ओळख म्हणणारा माणूस सबंध केळापूर तालुक्यात शोधून सापडला नसता. सगळे म्हणायचे ‘ओयख’. आपल्याकडं ळ हे अक्षर कागदावर असतं, तोंडात आलं की त्याचा य होतो. डोळ्याचा डोया, आभाळाचं आभाय, केळापूरचं केयापूर. पुण्याकडचे पाहुणे ऐकून हसतात. हसोत बापडे. त्यांना जेवायला वाढताना आपण हात आखडता घेत नाही, तेवढं पुरे.

तर हे ‘ओयख’ आता बंद होणार होतं. त्यात कुणाचं कारस्थान नव्हतं. बातमी मोबाइलवर आधीच येऊन जायची, आणि जुने वर्गणीदार एकेक करून त्याच अंकातल्या निधनवार्तेत जाऊन बसले होते. संपादक माया साठीला टेकली होती. वडील विठ्ठलराव यांनी सुरू केलेलं पत्र तिनं लग्नही न करता ओढत आणलं होतं, आणि आता तिलाच धाप लागायला लागली होती. शेवटच्या अंकात एक अख्खं पान ‘ओळख’चा इतिहास द्यायचा, असं तिनं ठरवलं.

कापसाचे दिवस होते. जिनिंगमधून उडालेली रुई हवेत तरंगत खिडकीतून आत यायची, टेबलावर, कागदांवर, मायाच्या केसांवर बसायची. तिला ते दिवस आवडायचे. दुपारी गाव गप्प व्हायचं, ऊन मऊ पडायचं आणि डोळे उघडे असूनही आपण झोपेत आहोत असं वाटायचं. अशा दुपारी तिनं लेखणी उचलली आणि पहिल्यांदा काय लिहिलं, तर अक्षरांची टंचाई.

कारण ‘ओळख’चा खरा इतिहास तोच होता. विठ्ठलरावांनी छपाईचं पायमशीन अमरावतीहून जुनंच आणलं, शिशाचे खिळे मात्र कोरे मागवले. खिळे म्हणजे एकेका अक्षराचे ठसे. ते हातानं जुळवून ओळ करायची, ओळींचं पान करायचं, पान छापून झालं की खिळे सोडवून पुन्हा खान्यात टाकायचे. खिळे करणाऱ्या कारखान्यानं आपल्या हिशेबानं ळ दिले होते, मूठभर. त्या भल्या माणसाला आमचा जिल्हा काय ठाऊक? इथं यवतमाळ, राळेगाव, बाभुळगाव, केळापूर, कळंब. एक पांढरकवडा तेवढा बिचारा ळशिवाय भागवणारा. एसटीचं नवं वेळापत्रक छापलं की ळचा खाना रिकामा.

मग खिळे जुळवणाऱ्या हिरासिंगनं तोड काढली. ळ संपला की तो बेधडक य लावायचा. ‘रायेगाव येथे शायेच्या इमारतीचे उद्घाटन.’ छापलं, वाटलं, वाचलं गेलं. एकाही वाचकाची तक्रार आली नाही. येणार कशी? वाचणारा तसंच म्हणत होता. यवतमाळहून एकदा एक साहेब अंक हातात घेऊन आले आणि म्हणाले, “विठ्ठलराव, भाषेची काय दशा केली ही?” विठ्ठलरावांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही ळ पाठवा, मी भाषा पाठवतो.”

तरी एक नियम त्यांनी घातला होता. गावाच्या नावात य चालेल, शाळेत चालेल, सोहळ्यात चालेल. माणसाच्या नावात ळ असला तर ळच लागला पाहिजे. “मानसाले नाव एकच असते हिरासिंग,” ते म्हणायचे, “त्यात काटछाट नाही करायची.” इतकी वर्षं तो नियम पाळला गेला. एकदा मोडला.

इथपर्यंत लिहून माया थांबली. पुढं काय लिहायचं हे तिला तोंडपाठ होतं. लिहावं की नाही, हा प्रश्न होता. ‘ओळख’चा पुढचा अंक आता कधी निघणारच नव्हता.

मायाच्या लहानपणी त्यांच्या वस्तीत दोन पोरी होत्या. एक ती स्वतः, माया. दुसरी तुळसाबाईची माळा. हाक मारताना दोघी मायाच. कुणी अंगणातून ‘माये’ म्हणून ओरडलं की दोघी धावायच्या, आणि जिच्याशी काम नसेल ती फिदीफिदी हसायची. शाळेत हजेरीला गोंधळ नको म्हणून पोरांनीच नावं पाडली. तुळसाबाईची ती ‘डोयावाली माया’, कारण तिच्या नावातलं ळ म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन डोळे. विठ्ठलरावांची ती ‘साधी माया’. साध्या मायाला याचं वाईट वाटायचं. आपल्या नावात एकही डोळा नाही, म्हणून ती घरी येऊन रडलीही होती.

तुळसाबाई शाळेत गेलेली नव्हती. पण माळानं आईला एक अक्षर शिकवलं होतं. चुलीपुढच्या राखेत बोटानं दोन वाटोळी काढायची. “हे तुह्या नावातबी हाये न माह्याबी,” ती आईला सांगायची. तुळसाबाईला पुढं कुठंही ते अक्षर दिसलं, दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या कपाळावर, तर ती बोट दाखवून म्हणायची, “पाहा, आपलं.”

मग एका भादव्यात खुनी नावाच्या नदीला पूर आला. शेतातल्या निंदणाहून परतणाऱ्या बायापोरींची बैलगाडी पुलावरून वाहून गेली. चौघी गेल्या. तिघी खाली झाडाझुडपांत अडकलेल्या सापडल्या. चौथी, तुळसाबाईची माळा, सापडलीच नाही.

विठ्ठलरावांना त्या दिवसांत सुंदर लिहायचं वेड होतं. त्यांनी बातमीला सुरुवात केली ती अशी: ‘अवेळी दाटलेल्या काळ्या आभाळाने खळाळत्या जळाला बळ दिले आणि काळाने चार कोवळ्या कळ्या कवळल्या.’ लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. हिरासिंगनं ते जुळवलं. मग नावांची यादी आली आणि चौथ्या नावाला ळ उरला नाही.

हिरासिंग म्हणाला, “आभायातला काढून लावू काय?”

विठ्ठलरावांनी वाक्याकडं पाहिलं. नको म्हणाले. “आभाळ राहू दे. तिले सारे मायाच तं म्हनतात.”

हे मायाला कुणा तिसऱ्यानं सांगितलं नव्हतं. कार्यालयाची किल्ली तिच्या हातात देताना विठ्ठलरावांनी स्वतःच सांगितलं होतं, खाली मान घालून. आभाळाला अक्षर दिलं आणि पोरीला दिलं नाही, हे शल्य त्यांना शेवटपर्यंत होतं.

अंक निघाला तेव्हा यादीत चौथं नाव होतं ‘माया’. वणीची आत्या ते वाचून रडत रडत आली. दार उघडलं ते साध्या मायानं. आत्या उंबऱ्यातच आडवी झाली, आणि शुद्धीवर आल्यावर सगळ्यांत आधी भावाला शिव्या घातल्या. पुढं कित्येक वर्षं बाजारातल्या बाया मायाला चिडवायच्या, “काय वं, मेलेली माया, भाजी घेतं का?” ती हसायची. पण गर्दीत मध्येच तिच्या पायाखालची जमीन मऊ होई. आपण छापून गेलो आहोत, असं तिला वाटे. जी गेली ती मागं राहिली असेल, आणि आपणच कुठं पाण्याखालून चालत असू.

विठ्ठलराव तो अंक घेऊन स्वतः तुळसाबाईकडं गेले होते. तिनं कागद हातात घेतला. ओल्या बोटानं एकेक नाव चाचपत ती खाली आली, चौथ्यापाशी थांबली, पुन्हा पुन्हा पाहिलं. तिथं दोन डोळे नव्हते. तिनं कागद परत केला आणि म्हणाली, “हे माही नाही.”

एवढंच. ना रडली, ना किंचाळली. तिचा नवरा उकंडा पोरीची तेरवी, तेराव्या दिवसाचं जेवण, करायची म्हणाला तर ती दारात आडवी उभी राहिली. तेरवी झाली नाही. गावानं काय समजायचं ते समजलं. बाईनं पोरीचं मरण घेतलं नाही, पोर कुठंतरी जिवंत आहे, आदिलाबादकडं कुणाच्या घरी असेल, येईल, अशी आस लावून बसली आहे. विठ्ठलरावांनी नावाची दुरुस्ती लिहून ठेवली होती. चार शहाणी माणसं येऊन बसली आणि म्हणाली, “राहू द्या. आशेवर तं जगू द्या बिचारीले.” विठ्ठलरावांनी तो कागद फाडला. त्यानंतर त्यांच्या लेखणीतून सुंदर वाक्य असं एकही उतरलं नाही. ‘ओळख’ कोरडं झालं, आणि खरं सांगायचं तर वाचण्याजोगंही तेव्हापासूनच झालं.

गाव मोठं मायाळू. त्या मायेपोटी साऱ्यांनी तोंडाला कुलूप घातलं, आणि कुलूप इतकं जुनं झालं की किल्ली कुणाकडं आहे तेही कुणाला आठवेना.

वडिलांच्या माघारी दर गुरुवारी तुळसाबाईला अंक वाचून दाखवायचं काम मायानं आपणहून घेतलं. तुळसाबाई अंगणात बसलेली असायची. माया दिसली की एकच विचारायची, “आलं का?”

माया म्हणायची, “नाही आलं, मावशी.” पोरीचं पत्र, पोरीची खबर, आणखी काय असणार? मग माया बाजारभाव वाचायची, लग्नं वाचायची, कोण गेलं ते वाचायची. तुळसाबाई शेवटी अंक हातात घेऊन सगळी पानं डोळ्यांजवळून नेत बघायची. मायाला वाटायचं, बुढीला फोटो पाहायला आवडतात.

आता अखेरचा अंक. इतिहासाच्या पानावर खाली चार बोटं जागा उरली होती. पानं संगणकावर लावणारी रुपाली म्हणाली, “ताई, इथं काय टाकू? आभाराची चौकट?”

माया म्हणाली, “दुरुस्ती टाकू. माळाच्या नावाची.”

रुपालीचा हात थांबला. तिचा जन्मही त्या पुरानंतरचा, पण गोष्ट तिला माहीत होती. गावात कुणाला नव्हती? “ताई, हे आयकून मावशी मरन नं. एवढी वर्षं कोनी नाही सांगतलं. आता ह्या वयात कायले?”

मायानं चौकट रिकामीच ठेवायला सांगितली. ती घरी गेली, जेवली, आणि खाटेवर आडवी झाली. रुई आत येतच होती. झोप लागली की नाही, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. तिला माळा दिसली. तशीच, सतराची, परकर वर खोचलेला, पायाला चिखल. अंगावर मायाची जुनी ओढणी होती. दोघी पुलाच्या कठड्यावर बसल्या होत्या आणि खालून पाणी नाही, पांढरी रुई वाहत होती, आवाज न करता. माळानं ओढणी काढून मायापुढं धरली.

“हे घे तुहं,” ती म्हणाली. “तुह्या नावानं मरून मले कायी झोप लागून नाही राह्यली. माहं मले दे.”

माया उठून बसली. तिला स्वतःचा राग आला, वडिलांचा आला, गावाच्या त्या शहाण्या माणसांचा तर फारच आला. तुळसाबाईचं काय होईल याची भीती तेवढीच होती. पण पुढचा अंक नव्हता. आज नाही छापलं तर ती पोर कायमची दुसरीच्या नावावर राहणार होती. मायानं रुपालीला फोन केला आणि मजकूर सांगितला. एक साधं वाक्य. त्यात आभाळ नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती अंक घेऊन निघाली. सगळा रस्ताभर तिला वाटत होतं, मागं फिरावं. तुळसाबाईच्या गल्लीत शिरताना तिथल्या बायांनी तिच्याकडं पाहिलं आणि नजरा वळवल्या. रुपालीच्या पोटात काही राहत नाही, हे उघडच होतं. शेजारची हंसाबाई तर दारातून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, “बाई, नको वाचू तेवढं. बाकी वाच.”

तुळसाबाई अंगणात कापसाच्या वाती वळत बसली होती. जाड काचांचा चष्मा नाकावर घसरलेला. माया दिसताच तिनं विचारलं, “आलं का?”

मायानं चपला काढल्या. ती खाली बसली.

“आलं, मावशी.”

तुळसाबाईनं हातातली वात खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले, चष्मा वर सरकवला आणि अंक घेतला. मायानं खालची चौकट दाखवली, पुढं ओळीवर बोट ठेवायला गेली तर ते तिनं बाजूला सारलं. स्वतःच शोधायला लागली. बोट ओळीवरून सरकत गेलं, थांबलं. पुन्हा सरकलं, पुन्हा थांबलं.

“दोन हायेत,” ती म्हणाली.

“एक तुमचा,” माया म्हणाली, “एक तिचा.” आणि मग तिला राहवेना. “मावशी, मले माफ करा. आमच्याच पेपरात चुकलं होतं. तुम्ही एवढी वर्षं तिची वाट पाहून राह्यल्या, न आम्ही कोनी...”

“कोनाची वाट?” तुळसाबाईनं मान वर केली. “नदीनं नेलेलं वापस येते काय? मी काय येडी आहो?”

“मंग दर गुरुवारी विचारत होत्या ते?” मायानं विचारलं.

“मी कधी ‘आली का’ म्हनलं वं तुले?” तुळसाबाई म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली होती. “आलं का, असं म्हनो मी. नाव. तुह्या बापाले त्याच दिवशी सांगतलं, हे माही नाही, हे नाव तिचं नोहे. मले वाटलं, थो नीट करून आनीन. थो गेला तो गेलाच. मंग साऱ्या गावानं तोंडं शिवली. रडाव तं कोनाच्या नावानं रडाव? तेरवी कोनाच्या नावानं करू? तुह्या? तू तं जित्ती माह्या समोर हिंडत होती.”

आली का आणि आलं का. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातली काना-वेलांटी सुधारणाऱ्या मायाला दर गुरुवारी कानावर पडणारा तो एक शब्द कळला नव्हता. तिला लाज वाटली. गावाच्या सगळ्या दयेची लाज वाटली. ही बाई भ्रमात नव्हती, खोळंबली होती. आणि तिला खोळंबवून ठेवणारे सगळे स्वतःला भले समजत होते.

“वाच आता,” तुळसाबाई म्हणाली. “मोठ्यानं वाच. गल्लीले आयकू जाऊ दे.”

मायानं कागद घेतला. जीभ मागं वळवून, शाळेत शिकवतात तसा, तिनं प्रत्येक ळ नीट उच्चारला. “शुद्धिपत्र. खुनी नदीच्या पुरात वाहून गेलेल्या चौघींमध्ये तुळसाबाई यांची मुलगी माळा...”

“थांब.” तुळसाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “असं नाही. असं तिले कोनी म्हनत नव्हतं. घरच्यावानी म्हन.”

“पन मावशी, मंग तं पुन्हा...”

“कागदावर तिचं झालं ना? आता तोंडानं माह्यावालं म्हन.”

मायानं कागद खाली ठेवला. आपलंच नाव घ्यायचं होतं. ते ओठांवर आणताना तिला पुलावरून खाली बघितल्यासारखं झालं.

“तुयसाबाईची पोरगी माया,” ती म्हणाली, “पुरात वाहून गेली.”

“माया वाहून गेली,” तुळसाबाई म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, आणि दुसऱ्या वेळी तिचा आवाज फुटला. तिनं पदर तोंडावर ओढला आणि इतकी वर्षं अडून बसलेलं रडं मोकळं झालं. “माये... माये वं... माह्या माये...”

गल्लीतली दारं उघडली. हंसाबाई आली, तिच्यामागं आणखी बाया आल्या. काही त्या पुराच्या वेळी पोरी होत्या, काही सुना म्हणून नंतर आलेल्या. रीत जुनीच होती, ती सगळ्यांना येत होती. एकेक जणी तुळसाबाईच्या गळ्यात पडून नाव घेऊन रडू लागली आणि सगळं अंगण त्या एका हाकेनं भरून गेलं. माये, माये वं, माये.

माया त्या बायांच्या मधोमध बसून होती. लहानपणापासून ही हाक ऐकली की तिच्या तोंडून आपसूक ‘ओ’ निघायची. आज चहूबाजूंनी हाका येत होत्या आणि तिनं ओ दिली नाही. तिच्यासाठी त्यातली एकही नव्हती.